माफ केलेला कर जातो कुठे?

दुबईहून आलेल्या भाच्यानं पिशवीतून लिटरभर स्कॉच, चॉकलेटचे दोन भले थोरले पुडे आणि अत्तराची एक बाटली बाहेर काढली, आणि आमच्या बैठकीत दर खेपेला होतो तो वाद पुन्हा पेटला: ड्युटी-फ्री, म्हणजे विमानतळावरच्या करमुक्त दुकानातला माल, खरंच स्वस्त पडतो का? भाच्याचं म्हणणं, "मामा, सगळं निम्म्या भावात मिळालं." आमच्या साडूंचं म्हणणं, "विमानतळावर साधा चहा घेतला तरी खिसा कापतात, ते तुला बाटली स्वस्तात देतील होय?" दोघांनी फोन काढले. एकानं पुण्यातल्या दुकानाचा भाव शोधला, दुसऱ्यानं अमेरिकेतल्या कुठल्याशा गोदामवजा दुकानाचा. दोघांनाही हवा तो आकडा सापडला, दोघंही जिंकले आणि वाद तिथेच संपला. मला राग येतो तो या संपण्याचा. दोघंही बाटलीवरच्या किमतीकडे बघत होते. ती किंमत ज्यातून जन्माला येते त्या कराकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ड्युटी-फ्री ही प्रवाशाला दिलेली सूट नव्हे, दुकानाला दिलेली करमाफी आहे. त्या माफीतला किती वाटा खाली झिरपत आपल्यापर्यंत यायचा, हे दुकानदाराच्या दानतीवर ठरत नाही. आपल्या घरच्या बाजारात त्या वस्तूवर कराचा डोंगर केवढा आहे, त्यावर ठरतं. डोंगर मोठा असेल तर दुकानानं आणि विमानतळानं आपापला वाटा उचलूनही आपल्यासाठी काही उरतं. डोंगर नसून नुसता उंचवटाच असेल तर तो वरच्यावर गिळला जातो, आणि आपण मात्र पिवळी पिशवी हातात धरून काहीतरी वाचवल्याच्या आनंदात बाहेर पडतो. म्हणून "ड्युटी-फ्री स्वस्त की महाग?" हा प्रश्नच फसवा आहे. "कुठला कर माफ झाला आणि तो कुणाच्या खिशात गेला?" हा खरा प्रश्न.

हा धंदा सुरू कसा झाला ते आठवलं तरी अर्धं कोडं सुटतं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर शॅनन नावाचा विमानतळ आहे. अटलांटिक ओलांडणाऱ्या त्या काळच्या विमानांना इंधनासाठी तिथे उतरावंच लागे. प्रवासी तास-दोन तास रिकामे बसत. ब्रेंडन ओ'रेगन या तिथल्या खानपान-व्यवस्थापकाच्या डोक्यात आलं की ही माणसं कायद्यानं आयर्लंड सोडून गेलेली आहेत आणि दुसऱ्या देशात अजून पोचलेली नाहीत, मग यांना विकलेल्या मालावर आयर्लंडनं कर घ्यायचा तरी कशाला? १९४७ मध्ये तसा कायदा झाला आणि जगातलं पहिलं विमानतळावरचं करमुक्त दुकान उघडलं. यात प्रवाशाचे पैसे वाचवण्याचा विचार कुठे होता? गरीब देशाला परकीय चलन हवं होतं, त्या भागातल्या माणसांना रोजगार हवा होता आणि समोर पैसेवाली, कंटाळलेली, दुसरीकडे कुठेही जाऊ न शकणारी गिऱ्हाइकं बसली होती. १९८३ मध्ये दुबईनं आपलं दुकान थाटलं तेव्हा ते उभं करून द्यायला आयर्लंडचीच माणसं बोलावली गेली. विद्या तिथली, वाळू इकडची.

दुसरी गोष्ट हाँगकाँगची. चक फीनी आणि रॉबर्ट मिलर या दोघांनी १९६० मध्ये ड्युटी फ्री शॉपर्स ही कंपनी सुरू केली. १९६४ मध्ये जपाननं आपल्या नागरिकांना पर्यटनासाठी परदेशी जायला मोकळीक दिली आणि या कंपनीचं नशीब उघडलं. जपानात परदेशी मद्यावर जबर कर होता, आणि प्रवासाहून आलेल्या माणसानं कचेरीत, नातेवाइकांत भेटी वाटायच्या हा तिथला रिवाज. (हे वाचून कुणाला आपली फॉरेन-रिटर्न मंडळी आठवली तर चूक नाही.) फीनी यांनी पुढे आपली जवळजवळ सगळी संपत्ती, आठ अब्ज डॉलरहून अधिक, दान केली आणि स्वतः भाड्याच्या घरात राहिले. माणूस थोरच. पण या थोरपणाच्या आड एक साधा प्रश्न राहून जातो. जो धंदा "आम्ही तुमचे पैसे वाचवतो" असं म्हणतो, त्यातून इतकी माया उभी राहते ती कशी? ती माफ झालेल्या करातूनच उभी राहते. जपान सरकारनं सोडलेल्या करातला एक वाटा प्रवाशाला गेला, दुसरा दुकानाला. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, फक्त इथे आवळाही सरकारचाच होता. पुढे जागतिक व्यापार संघटनेत जपानच्या मद्यकराविरुद्ध १९९६ मध्ये निकाल लागला, व्हिस्कीवरचा कर उतरला, आणि आज टोकियोच्या साध्या दुकानात व्हिस्की घेणाऱ्याला विमानतळाची वाट बघावी लागत नाही.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरा आहे. भारतात परतणाऱ्या माणसाला परदेशात बाटलीबंद झालेली स्कॉच ड्युटी-फ्रीत स्वस्त मिळते. थोडीथोडकी नाही, चांगली स्वस्त. अशा मद्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं, त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, त्यावर व्हॅट. समजा, सीमेवर एका बाटलीची किंमत हजार रुपये आहे. सीमाशुल्काचे दीड हजार, राज्याच्या करांचे सतराशे आणि घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांचे आठशे धरले, तर बाजारात ती पाच हजारांना पडते. तीच ड्युटी-फ्रीत अठ्ठावीसशेला मिळाली तर माझे बावीसशे वाचले. त्यात ती बाटली बऱ्याचदा लिटरची असते, आपल्याकडची साडेसातशे मिलिलीटरची, म्हणजे फायदा आणखी थोडा वाढला. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण चित्र असंच आहे. इथे साडू हरले, भाचा जिंकला.

पण हेच गणित जरा उलटं फिरवून बघा. सरकारनं माफ केले बत्तीसशे. माझ्या हाती आले बावीसशे. मधले हजार कुठे गेले? बाजारातल्या व्यापाऱ्यांची साखळी आठशेवर भागवत होती, इथे दुकान आणि विमानतळ मिळून अठराशे घेतायत. आणि हे स्वस्त पडणाऱ्या मालाचं झालं, जिथे आपण जिंकतो तिथलं. मग ज्या वस्तूवर मुळात करच थोडा, तिथे काय होत असेल?

अत्तर घ्या. महागड्या अत्तराच्या किमतीत करापेक्षा नाममुद्रेचा, जाहिरातीचा आणि व्यापाऱ्याच्या नफ्याचा भाग कितीतरी मोठा असतो. करमाफीनं जी जागा मोकळी होते ती विमानतळाच्या भाड्यानं भरून निघते. दुबईत तर बघायलाच नको. तिथे २०१८ पासून व्हॅट आहे तो पाच टक्के. शहरातल्या दुकानातच कर नावापुरता असेल, तर विमानतळावर माफ करायला उरतं काय? देरा या तिथल्या जुन्या वस्तीतल्या बाजारात जे अत्तर घासाघीस करून मिळतं, त्याला विमानतळावर ठरलेला भाव मोजायचा आणि वर "ड्युटी-फ्री" म्हणायचं, हा निव्वळ शब्दांचा खेळ झाला. लॅपटॉपवर तर भारतात सीमाशुल्कच शून्य आहे. ड्युटी-फ्री लॅपटॉप म्हणजे ज्याला मुळात दात नव्हते त्याचे दात काढून दिले. चॉकलेटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरावरून पाच टक्क्यांवर आला, आणि आपण आणतो त्यातल्या बऱ्याच नावांचं चॉकलेट हल्ली इथेच बनतं. भाच्यानं आणलेला पुडा मी तोलून बघितला. शंभर ग्रॅमचा भाव काढला, तर आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा तो चार पैसे महागच पडला होता. बिचारा हिरमुसला. म्हणाला, "पण मामा, हे साइज इथे मिळत नाही ना!" तेही बरोबर. ते मिळू नये अशीच सोय असते. विमानतळापुरते खास आकार, खास वेष्टनं आणि "फक्त प्रवाशांसाठी" असा शिक्का मारलेल्या, कित्येकदा वयाचा आकडाही न छापलेल्या व्हिस्क्या बनवल्या जातात. बाहेर नसलेल्या वस्तूचा भाव ताडून पाहायचा तरी कशाशी?

आपल्या माणसाची इथे आणखी एक पंचाईत होते, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. आपण एमआरपीवर वाढलेली माणसं. बिस्किटाच्या पुड्यापासून साबणापर्यंत सगळ्यावर छापलेली किंमत असते, तिच्यापेक्षा जास्त मागितलं तर आपण भांडतो, कमी मिळालं तर खूश होतो. ड्युटी-फ्रीच्या बाटलीवर एमआरपी नसते. फळीवर बऱ्याचदा परकीय चलनातला आकडा असतो. मनातल्या मनात त्याचे रुपये करताना आपण कालचा, जरा सोयीचा दर धरतो. परदेशात कार्ड घासलं तर बँक साडेतीन टक्क्यांच्या आसपास वर लावते, ते महिन्याच्या बिलात गुपचूप येतं. हातात वेळ वीस मिनिटं, पायात गोळे, डोळ्यांवर झोप. मुंबईच्या टी-टू वर इमिग्रेशनचा शिक्का बसला की सामानाच्या पट्ट्याकडे जाताना वाट दुकानातूनच जाते. जगभरच्या विमानतळांनी ही नागमोडी वाट मुद्दाम आखलेली आहे, कारण रांगेतून सुटलेला माणूस सैल होतो आणि सैल झालेला माणूस खर्च करतो. भाव ताडून घ्यायची सगळी हत्यारं बाहेर ठेवायला लावून मग "बघा, किती स्वस्त!" असं सांगणं, याला खरेदी म्हणावं की नजरबंदी?

कुणी म्हणेल, हा तुमचा संशय झाला, पुरावा काय? पुरावा युरोपनं दिला आहे, आणि तो चांगला पंचवीस वर्षं जुना आहे. १ जुलै १९९९ ला युरोपीय संघानं सदस्य-देशांमधल्या प्रवासातली करमुक्त विक्री बंद केली. एकच बाजारपेठ असताना पॅरिसहून रोमला जाणारा माणूस निर्यात कसली करतो, असा सरळ विचार होता. धंद्यातल्या लोकांनी आधी आकांत केला, रोजगार बुडतील, विमानतळ बसतील वगैरे. मग तारीख उलटली. काय झालं? अनेक विमानतळांवरच्या दुकानांनी अत्तरं आणि प्रसाधनांवरचा कर स्वतः सोसला आणि भाव पूर्वीचेच ठेवले. म्हणजे पंधरा-वीस टक्क्यांचा व्हॅट भरूनही दुकान चालू शकत होतं! मग तो कर माफ असताना ते पंधरा-वीस टक्के इतकी वर्षं कुठे जात होते? मला तरी याचं दुसरं उत्तर सुचत नाही.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या ऑगस्टमध्ये याहून उघडा प्रकार बाहेर आला. तिथल्या विमानतळांवरची साधी दुकानं, म्हणजे औषधांची, वर्तमानपत्रांची, प्रत्येक गिऱ्हाइकाकडे बोर्डिंग पास मागत. लोकांना वाटे, सुरक्षेसाठी असेल. प्रत्यक्षात गिऱ्हाईक युरोपीय संघाबाहेर चाललं असेल तर दुकान त्या विक्रीवरचा व्हॅट सरकारला भरत नसे, आणि कित्येक दुकानं ती रक्कम गिऱ्हाइकाला न देता स्वतःकडे ठेवत. कायद्यात ते बसत होतं. लोक चिडले, मंत्र्यांनी कान उपटले, काहींनी पास दाखवायला नकार दिला. कर माफ होणं आणि भाव कमी होणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणी दाखवून दिलं असेल. पुढे १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटननं मद्य आणि तंबाखू वगळता बाकी मालावरची विमानतळावरची करमाफीच काढून टाकली. आज लंडनहून पुण्याला येणारी आपली मंडळी हीथ्रोवर जे अत्तर "ड्युटी-फ्रीतून" घेतात, त्यावर ती ब्रिटनचा वीस टक्के व्हॅट भरून येतात. दुकान तेच, झगमगाट तोच, गर्दीही तीच.

करानंच सीमेवरचा भाव घडतो, हे समजायला आपल्याला युरोपात जायची तरी काय गरज? १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेलं मिठाच्या जकातीचं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, नाहीतर ते स्वस्त मीठ व्यापारी उचलतील आणि आपल्याकडच्या मिठाला कुणी विचारणार नाही, असा त्याचा आशय. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या राजाला जे कळत होतं ते आपल्याला फोन हातात असून कळत नाही. सीमेच्या दोन बाजूंना भाव वेगळे असतात ते व्यापाऱ्याच्या उदारपणामुळे नव्हे, राजाच्या हुकुमामुळे. तोच न्याय आजही लागू आहे, आणि गंमत म्हणजे जागाही जवळजवळ तीच आहे. गोव्यात मद्यावर कर कमी, महाराष्ट्रात जास्त. सावंतवाडीच्या माणसाला बांद्याच्या पलीकडे ड्युटी-फ्रीच लागलेलं आहे, फक्त त्याला विमान लागत नाही. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात मद्यावरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं, तेही शेजारच्या राज्यांशी भाव जुळावा आणि चोरटी आवक थांबावी म्हणूनच.

आणि इथेच या विषयातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट येते. पणजीहून एसटीनं निघालेल्या माणसाच्या पिशवीत गोव्याची एक बाटली सापडली तर इन्सुलीच्या नाक्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली त्याच्यावर गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. वारंवार असं करणाऱ्यांना मोक्का लावण्याचा इशारा राज्याच्या मंत्र्यांनी २०२२ मध्ये दिला होता. दुबईहून विमानानं उतरलेला माझा भाचा मात्र दोन लिटरपर्यंत घेऊन ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे शुल्क भरण्याजोगं काही नसलेल्यांच्या वाटेनं, शीळ वाजवत बाहेर येऊ शकतो. दोघांनीही महाराष्ट्राचा कर चुकवलेलाच आहे. एकाचा गुन्हा, दुसऱ्याची सवलत. फरक एवढाच की दुसऱ्यानं विमानाचं तिकीट काढलं होतं. (भाच्यानं हे वाचलं तर पुढच्या वेळी तो हात हलवत येईल, ही जोखीम मी पत्करली आहे.)

यावर उत्तर असतं, आणि तेही फेकून देण्यासारखं नाही. आपला माणूस बाटली आणणारच. मुंबईत उतरल्यावर घेऊ दिली नाही तर तो दुबईत घेईल, पैसे तिथे जातील, विमानात ओझं वाढेल ते वेगळंच. त्यापेक्षा आपल्या विमानतळावर, आपल्या माणसांना रोजगार देणाऱ्या दुकानात घेतलेली काय वाईट? शिवाय विमानतळाला या दुकानांतून जे उत्पन्न मिळतं, त्यातून प्रवाशांवरचे आकार, म्हणजे विमानतळाची शुल्कं, कमी राहतात. पहिला मुद्दा मला मान्य आहे. आगमनाच्या दालनातली दुकानं बंद करा असं मी म्हणत नाही. फक्त हे ध्यानात ठेवू या की शॅननचा मूळ विचार इथे लागू होत नाही. तिथे माल देशाबाहेर चालला होता. इथे तो देशात येतोय, कोथरूडमध्ये उघडला जाणार आहे, कोथरूडमध्येच संपणार आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बंगळूरच्या विमानतळावरच्या दुकानाच्या प्रकरणात सांगितलं की सीमाशुल्काची रेषा ओलांडण्याआधीच विक्री होत असल्यानं राज्याला तिच्यावर कर घेता येत नाही. कायदा म्हणून ठीक. पण बाटली कोथरूडची आणि महाराष्ट्राच्या वाट्याला काही नाही, हे त्यातून आपोआप घडतं.

दुसरा मुद्दा अर्धाच खरा आहे. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणानं जी पद्धत स्वीकारली, तिच्यात विमानतळाच्या दुकानं-भाडी-जाहिराती अशा इतर उत्पन्नातले शंभरातले तीस रुपये प्रवाशांवरचे आकार ठरवताना हिशेबात धरले जातात. उरलेले सत्तर धरले जात नाहीत. आणि त्याही पलीकडची गंमत बघा. २००६ च्या करारानुसार मुंबई विमानतळ चालवणारी कंपनी आपल्या महसुलाच्या ३८.७ टक्के रक्कम सरकारी विमानतळ प्राधिकरणाला देते, दिल्लीत हा आकडा ४५.९९ टक्के आहे. इतका वाटा द्यायचा म्हणून विमानतळ दुकानाकडून दणदणीत हिस्सा घेतो, दुकान तो आपल्या भावात घालतं, आणि समोरच्या दारानं माफ केलेल्या करातला एक तुकडा मागच्या दारानं सरकारकडे परत जातो. मधल्या वाटेवर प्रत्येकाच्या बोटाला लोणी लागलेलं असतं. कर सरळ घेतला असता तर तो विधिमंडळात, संसदेत चर्चेला आला असता. या वाटेनं गेलेल्या पैशाचा जाब विचारायचा कुणाला?

ही माफी नेमकी कुणाच्या जिव्हाळ्याची आहे, हे २०२० च्या अर्थसंकल्पाच्या तोंडावर कळलं होतं. प्रवाशाला दोनऐवजी एकच बाटली आणू द्यावी, असा वाणिज्य मंत्रालयाचा विचार असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. खासगी विमानतळचालकांच्या संघटनेची मागणी नेमकी उलटी होती, दोन लिटरची मर्यादा चारवर न्या. प्रवाशांनी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. ज्याच्या ताटातलं जाणार असतं तोच आधी ओरडतो.

मग या दुकानात जायचंच नाही का? तसं नाही. परदेशात बाटलीबंद झालेली स्कॉच घ्यायची असेल तर बेलाशक घ्यावी, आणि तीही भाव माहीत असलेल्या नावाची. टीचर्स किंवा व्हॅट ६९ सारखी नावं भारतातच बाटलीबंद होतात, त्यांच्यासाठी विमानतळावर ओझं वाहण्यात हशील नाही. आणि ही संधीही फार काळ अशीच राहील असं वाटत नाही. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात व्हिस्की आणि जिनवरचं शुल्क १५० वरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. डोंगर वितळत जाईल तसा ड्युटी-फ्रीचा भावही आपोआप "महाग" वाटू लागेल, दुकानानं एक पैसा न वाढवता. सोन्याचं उदाहरण ताजंच आहे. जुलै २०२४ मध्ये आयातशुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आलं आणि दुबईहून सोनं आणण्याची चर्चा घरोघरी एकदम थंडावली. ती सहा टक्क्यांची तफावत घडणावळीतच विरून जाऊ लागली. एके काळी रत्नागिरी-रायगडातून आखातात गेलेल्या माणसांच्या बॅगेत टेपरेकॉर्डर, टॉर्च, अत्तर, साड्या असत. मुंबईच्या मनीष मार्केट आणि मुसाफिरखान्यातल्या "फॉरेन"च्या मालाची ओढ आमच्या पिढीनं बघितली आहे. १९९१ नंतर आयातीवरची बंधनं आणि शुल्क उतरत गेलं, तसा तो सगळा बाजार डोळ्यांदेखत फिका पडला. कुणी त्याच्यावर धाड घातली म्हणून नव्हे.

सरकारकडे मागायचंच असेल तर मी फार काही मागणार नाही. दुकानानं प्रत्येक वस्तूचा भाव रुपयांत आणि दर लिटरला किंवा दर शंभर ग्रॅमला किती पडतो, तो लिहावा. पावतीवर सरकारनं या वस्तूवर किती कर सोडला, तोही आकडा छापावा. पेट्रोलच्या भावात केंद्राचे किती आणि राज्याचे किती, यावर आपण चौकाचौकात भांडतो, कारण ते आकडे सगळ्यांना माहीत असतात. इथे उघडा आकडा एकही नाही. दुकानदार म्हणतील, हे किचकट आहे, प्रत्येक राज्याचा कर वेगळा. असेना का. प्रवाशाच्या बोर्डिंग पासवरून त्याला कुठल्या भावात काय विकायचं ते संगणक क्षणात सांगतो, मग हे त्याला जड जाणार नाही. निदान सीमाशुल्काचा आकडा तर देशभर एकच आहे.

भाच्याची ती पावती मी मागून घेतली आणि चष्मा लावून बघितली. बोटभर रुंदीचा गुळगुळीत कागद, वर दुकानाचं नाव, खाली विमानाचा क्रमांक, आसन क्रमांक, परकीय चलनातली एकूण रक्कम आणि "तुम्ही वाचवलेत" असा मजकूर. किती, ते लिहिलेलं नव्हतं.